दोन बोटं माया

दारेसलामची गाडी म्लिंबाला थांबली
ती थांबलीच.
कुणी म्हणालं डिझेल, कुणी म्हणालं इंजिन दुसऱ्या गाडीनं नेलं,
कुणी म्हणालं ड्रायव्हरचं पोट.
बायकांच्या कप्प्यात आम्ही तिघी
आणि रिकाम्या बाकावर माझं शिलाईचं मशीन.
त्याचंही तिकीट काढा,
तपासनीस दोनदा बोलून गेला.

खालच्या बाकावरची बाई
इफाकारापासून गप्प होती.
उकडलेलं अंडं सोलून दिलं तर घेतलं,
मीठ नको, खुणेनं म्हणाली.
तिसऱ्या तासाला तिनं पिशवीतून कापड काढलं:
निळं, त्यावर ठिपक्याठिपक्यांच्या रानकोंबड्या,
करियाकूच्या बाजारातलं, घडी न मोडलेलं.
"फुंदी, याचा झगा होईल? कासामा यायच्या आत?"
मी तर म्बेयालाच उतरणार.
पण गाडीचा रंग बघता तोवर तीन झाले असते.
"कुणाचा?"
"मुसोन्दाचा. मुलगी माझी."
"माप?"
तिनं हवेत हात धरला, खांद्याइतका,
मग जरा वर नेला,
मग खाली घेतला.
दोन वर्षं पाहिलं नव्हतं तिनं.

वरच्या बाकावरून तुसेकिले उतरली,
तुन्दुमाच्या वसतिगृहाला निघालेली, गणवेशातच.
"मी उभी राहू?"
राहिली, हात पसरून,
टेपनं गुदगुल्या होतात म्हणून खिदळत,
स्वतःच्या अंगावरच्या कोंबड्या मोजत.
दुकानात आया कापडाकडे बघतात.
ही बाई पोरीच्या कानामागे बघत होती,
मनगटाकडे, टाचांकडे.

"कधी घालणार ती?"
"शनिवारी."
"लग्न आहे कुणाचं?"
बाईनं खिडकीतून कणसंवाल्या पोराला हाक मारली,
तीन घेतली,
सगळ्यात कोवळं तुसेकिलेला दिलं.

कापून झालं. मशीनचं चाक हातानं फिरवत
काजं किती करू विचारलं,
तर मला ऐकू येईल आणि पोरीला नाही
इतक्या हळू म्हणाली,
"पाठ उघडीच ठेव."

तीस वर्षं शिवते आहे.
पाठ उघडी कशाला ठेवतात मला ठाऊक आहे.
दोरा गुंतल्याचं नाटक करून
मी बराच वेळ मशीनमध्ये तोंड घालून बसले.
"थांबवलंय तिला," ती म्हणाली, "माझ्यासाठी."

वाढत्या अंगाच्या पोरींच्या कपड्यात
माया सोडावी लागते शिवणीला.
पुढल्या वर्षी उसवायची, वर्षभर निभतं.
इथं कशाला लागणार होती?
कात्री टिपेच्या अगदी कडेला नेली मी
आणि, सवय म्हणा,
दोन बोटं सोडली.
तिनं पाहिलं.
आतल्या अंगानं तेवढ्या पट्टीवरून
अंगठा फिरवला, एकदा.

तेवढ्यात गाडीनं हिसका दिला.
बाहीवरची टीप वाकडी गेली.
उसवायला घेतली तर म्हणाली, राहू दे.

रात्री तुसेकिले सांगत होती,
सीमेपलीकडे घड्याळं तासभर मागं असतात.
"फुकटचा तास! काय कराल त्याचं, बाना मुसोन्दा?"
बाईच्या मुलखात आईला
लेकराच्या नावानंच हाक मारतात.
पुढंही मारतील.
"झोपेन," बाई म्हणाली.

म्बेयाला उजाडत उतरले. पैसे पुरते घेतले.
कमी घेतले असते
तर पोरीला कळलं असतं.

मशीन डोक्यावर घेतलं आणि गाडी हलली.
खिडकीत तुसेकिले,
झगा अंगाशी धरून विचारत होती,
बसतो का?

डोक्यावर ओझं, मान हलवता येईना.
हात वर केला.
बसत होता.