सांग, कुठे तोडलंय

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पप्पा करवतींना कानस मारायचे,
चार करवती, त्यांतली एक माझ्या हाताची,
आणि मनोरीच्या जेट्टीवर पुठ्ठा टांगायचे :
नाताळचं झाड. स्वतः निवडा, स्वतः कापा.
खाली बाण. बाणापुढे वाळूचा रस्ता. रस्त्यात आमचं कुत्रं.

झाड म्हणजे सुरू.
हे लोकांना दरवर्षी नव्याने समजावं लागे.
"ते बर्फातलं नाही का?" मालाडच्या एका बाईंनी विचारलं.
"बर्फ पुढच्या वर्षी टाकणार आहोत," पप्पा म्हणाले,
आणि वीस रुपये कमी केले.

करवत देताना त्यांचं एकच सांगणं :
मुळाशी नको. गुडघ्याएवढं राखा,
खालचा एक हिरवा घेर राहू द्या अंगावर.
तो राहिला तर बाजूने नवा शेंडा धरतं.

माय बांबूने उंची मोजायची. फुटाफुटावर लाल रंग.
बांबूच्या पाठीवर, निळ्यात, आम्ही दोघं :
मी अजून वर सरकत होते,
बेंजू साडेतीनावर.

सुरूचं पान म्हणजे पान नसतंच, बारीक सांधे असतात
एकात एक खोचलेले. बेंजू एक सांधा तोडायचा,
होता तसा परत बसवायचा,
मूठ पुढे करायचा : सांग, कुठे तोडलंय?
मला कधीच ओळखू आलं नाही.
कधी कधी त्याने तोडलंच नसेल,
हे मला फार उशिरा सुचलं.

तो गेला त्या वर्षी पप्पांनी सहाव्या ओळीच्या टोकाला,
खाडीकडे, एक रोप लावलं.
खूण केली नाही. चुना नाही, फीत नाही.
"खूण केली की लोक विचारतात."
बाकीच्यांबरोबर त्याचाही शेंडा खुडायचे,
त्याच्याही बुडाशी मासळीचं खत.
खारं वारं खाऊन ते वाकडं वाढलं, एका अंगाने उघडं.
गिऱ्हाइकं जवळ जाऊन परत फिरायची.
चार नाताळ असे निघाले.

पाचव्याला कांदिवलीचे तिघं आले,
मुलीचा पुढचा दात पडलेला.
"आमच्यात नसतं तसं," आई ओशाळून म्हणाली,
"पण हिच्या शाळेत सगळ्यांकडे आहे."
मुलगी ओळींमधून पळत सुटली ती थेट टोकाला.
हेच.
"अगं, वाकडंय ते."
"वाकडी बाजू भिंतीला लावू की."

मी पप्पांकडे पाहिलं.
मायने बांबू उचलला होता, उभा केला नव्हता.
पप्पा अंगठ्याने करवतीची धार बघत राहिले, जरा जास्तच,
मग मूठ त्या माणसाकडे केली.
"गुडघ्याएवढं राखा." आवाज नेहमीचा.

ऑफिसातला हात. करवत अडकत होती, कण्हत होती.
एरवी पप्पा कुणाचंही झाड निम्मं आपणच कापून देत,
बोलता बोलता, उपकार न दाखवता.
आज ते कुत्र्याच्या गळ्यातली दोरी सोडवत बसले,
जी गुंतली नव्हती.

मुलगी कंटाळली.
तेव्हा मायने खालच्या घेरातला एक हिरवा दोरा खुडला,
पदराआड काहीतरी केलं, मूठ पुढे धरली.
इतकी वर्षं ही पानं तिने फक्त झाडली होती अंगणातून.
"सांग, कुठे तोडलंय?"

मुलीने तो डोळ्याजवळ नेला,
नखाने एकेक सांधा चाचपत गेली.
मागे झाड पडलं. फार आवाज नाही झाला,
सुरू हलका असतो.
"इथे?"
"नाय."
"मग इथे?"
"नाय गो."

जेट्टीवर बोटीने भोंगा दिला.
बाप घामाघूम, खिशातून नोटा काढून उभा, किती झाले विचारत,
आणि उंची कुणी मोजलेलीच नाही.
मुलगी अजून शोधत होती.
माय तिला घाई करत नव्हती.