नाकाची नोकरी

ये, ओग्न्येन. बूट दाराशी काढ.
दिव्याला हात लावू नकोस,
आधी वास घे.

उभ्यानं नाही. वाक.
सिलिंडरचा गॅस धुरासारखा वर जात नाही,
सांडलेल्या तेलासारखा फरशीवर पसरतो,
कपाटाखाली दबा धरून बसतो.
म्हणून तर मला उंच माणूस नको होता.
चौथीतलं नाक बरोब्बर उंचीचं.

काही नाही?
मग लाव दिवा.

माझं नाक मागच्या हिवाळ्यात तापाबरोबर गेलं.
येईल परत, डॉक्टरीण म्हणाली,
जणू कोपऱ्यावर पाव आणायला गेलंय.
तेव्हापासून कॉफी म्हणजे गरम पाणी
आणि साबण म्हणजे बुळबुळीत दगड.
जन्मभर म्हणत आले, लोकांच्या घरात नाक खुपसू नये.
आता तुझं नाक माझ्या घरात रोज खुपसायला
दोन उंडे देते, आत आलुबुखार घातलेले.

ही शेगडी बघ. दोन बर्नर गॅसचे, दोन तबकड्या विजेच्या.
निर्बंधांच्या वर्षांत घेतली.
वीज गेली की गॅस, गॅस मिळेना की वीज.
एक तरी बाजू जागी राहील, ल्युबिसाव म्हणायचा.
दोन्ही बाजू बंद, असेही दिवस गेले,
पण ते त्याला कधी ऐकवलं नाही.

गॅस तापट. बटण फिरवलं की भडकतो,
बंद केला की विझतो, मनात काही ठेवत नाही.
मात्र आधी काडी, मग बटण. उलटं कधीच नाही.
जोत निळी हवी. पिवळी दिसली तर मला सांग,
भोकं तुंबलीत, टाचणी घेते.

तबकडीचं तसं नाही.
ती उशिरा तापते आणि राग धरून बसते.
काळी दिसली म्हणजे थंड झाली समजू नकोस;
हा बघ माझा तळहात, तिचं अर्धं वर्तुळ.
पण तो राग कामाला लावता येतो.
भात होत आला की दहा मिनिटं आधीच बंद करते,
वर झाकण. उरलेलं तीच शिजवते, फुकटात.
पातेलं सपाट बुडाचं हवं, तबकडीएवढंच,
नाहीतर आपण भिंती तापवतो, घेवडा नाही.
आणि घेवडा मध्यरात्रीनंतर, वीज स्वस्त झाली की.
समोर बसून राहते मी. झोप तशीही येत नाही.

दर रविवारी नळीच्या जोडाला साबणाचा फेस लावतो आपण.
बुडबुडा यावा असं तुला मनातून वाटतं,
माहीत आहे मला.

त्या दिवशी कोशावा सुटला होता, तिसरा दिवस.
खिडकी बोटभर उघडी. सूपाखालची जोत कधी गेली कळलं नाही,
मी आत लोकरीचा गुंता सोडवत होते.
अंधारून आलं म्हणून उठले.
तू दारात, दप्तर पाठीवरच.
"वुकोसावा आजी, बटण नको."
माझं बोट दिव्याच्या बटणावर टेकलं होतं.
टेकलं होतं, दाबलं नव्हतं.

तुला शिकवलं होतं, चावीला हात लावायचा नाही, बाहेर पळायचं.
तू पळाला नाहीस, मूर्खा.
मी सिलिंडर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या,
आणि आपण अंगणातल्या बाकावर तासभर बसलो,
एक कच्चं बिही आळीपाळीनं चावत.
तुझ्या नावातच विस्तव आहे,
तुझ्या आईला मी बारशालाच म्हटलं होतं.

आता काय? पुन्हा का हुंगतोयस?

मिरच्या?
हो, खालच्या मजल्यावर भाजतायत, हिवाळ्याच्या बरण्यांसाठी.
गॅस नाही ना, नक्की?
मग झाली तुझी नोकरी. उंडे ताटलीत आहेत.

बस जरा.
मिरच्यांचं सांग.
करपल्यात? किती? सालच, की आतपर्यंत?
सावकाश सांग.
बघ, चारही बटणं बंद आहेत.