नोंदवही, चिंचटोला

खड्डा दीड मीटर, उत्तर-दक्षिण रेषेत.
"लोखंड काढून ठेवा," मी म्हटलं,
आणि फागुलाल उईकेनं विळा बांधावर ठेवला,
मग कमरेचा अडकित्ता, मग सायकलची किल्ली,
मग जरा थांबून मनगटातलं कडं,
नजर लागू नये म्हणून आजीनं घातलेलं.
"आता लागली तं?"
संध्याकाळी परत घाल, म्हटलं.

एकतीस वर्षं मी गुरूभोवतीचं असं काही मोजत आले
जे कधी कोणाला दिसलं नाही.
सूर्याचा वारा त्यावर आदळतो, दुभंगतो,
मागे लांबत जाते शेपूट
थेट शनीच्या वाटेपर्यंत.
तुमसरच्या मामांना एकदा सांगितलं होतं.
पान जुळवता जुळवता ते म्हणाले,
"मंग त्याले धरते कोन?"

माझं नाव झालं एका कंपनामुळे.
बेचाळीस सेकंदांचं, नियमित, देखणं.
चार वर्षं, दोन परिषदा, एक पारितोषिक.
मग एका विद्यार्थ्यानं, घाबरत, चहा गार होऊ देत,
दाखवलं की यानातला हीटर
बेचाळीस सेकंदांनी चालू-बंद होतो.
थंडी वाजत होती यानाला. एवढंच.
शुद्धिपत्र सहा ओळींचं. मीच लिहिलं.
पुढे कितीतरी दिवस
घरातला फ्रीज सुरू झाला की मी दचकायची.

म्हणून इथं, तलावाखालच्या पडीत.
निदान पृथ्वीचं तरी नीट ऐकू.
रात्री बाराला थ्री-फेज येते,
पलीकडच्या शिवारातले पंप एकदम हुंकारतात
आणि आलेखावर पन्नास हर्ट्झची भिंत.
लाइन गेली की गावात शिव्या,
माझ्या खोलीत स्वच्छ रेष.
हे मी अजून कोणाजवळ बोललेले नाही.

पहिल्याच महिन्यात, पहाटे तीन चाळीसला
एक छोटं टेकाड. रोज.
छातीत ते जुनं धडधडू लागलं.
फागुलालला म्हटलं, तीन रात्री जागून बघ.
चौथ्या सकाळी तो हसू दाबत आला:
"बिसेनची भुरी म्हैस आहे, बाई.
साखळी तोडून येते, अर्धी गळ्यातच.
तुमच्या डब्ब्यावरून जाते पान्यावर."

तेव्हापासून वही. शंभर पानी, रेघांची.
२.१० मोटारसायकल, पटलेचा पोरगा.
३.४० म्हैस.
४.०५ म्हैस वापस.
रानडुकरं लिहू का, त्याच्यात लोखंड नसते?
लिही.

मार्गशीर्षातल्या एका रात्री रेष खाली बसू लागली,
तुडूम उघडल्यावर तलाव उतरतो तशी,
घाई नाही, पण थांबतही नाही,
तीनशे दहा नॅनोटेस्ला.
आणि त्या उतारावर बारीक लहरी,
दर पस्तीस सेकंदांनी एक.
साऱ्या पृथ्वीचं कवच आत दबलं होतं
आणि चिंचटोल्यात कुत्रंही भुंकलं नाही.
मी बाहेर येऊन वर पाहिलं. नेहमीचं आभाळ.
पस्तीस सेकंद. इतकं नियमित.
माझा विश्वास बसेना.

सकाळी आलेखाआधी वही उघडली.
१.०० कोनी नाही.
२.०० कोनी नाही.
३.४० म्हैस आली नाही. बिसेनकडे जाऊन पाह्यलो, बांधली आहे.
५.०० कोनी आलं नाही, कोनी गेलं नाही.
थंडी लय. टार्चचे सेल संपले.

परीक्षकांनी विचारलंच:
स्थानिक अडथळा नव्हता, कशावरून?
मी ते पान जोडलं. सेलच्या ओळीसकट.

सेल नेऊन दिले, चार.
त्याचं मनगट मोकळं होतं.
कडं कुठाय, विचारलं.
"रोज कोन काढ-घाल करन," तो म्हणाला,
आणि बांधावरच्या पळसाकडे हात केला.
फांदीला अडकवलेलं, गंजू लागलेलं.
"नजर लागली तं झाडाले लागन."