उलटं ओतू नकोस

मोरचूद चुन्यात. चुना मोरचुदात नाही.
झुझुनाबाई पिंपाशेजारी तिपाईवर बसून
काठीने मातीत बाण काढतात, इकडून तिकडे.
मी ओतते त्यांना हवी तशी धार,
करंगळीएवढी, मध्ये न तुटणारी.
उलटं केलंस तर कण जाड पडतात, म्हणतात,
फवाऱ्याचं तोंड बुजतं, पानाला काही धरत नाही.

अलाझानीच्या खोऱ्यात मे अर्धा सरलाय.
वेलीच्या पानांवर तेल सांडल्यासारखे डाग,
पान उलटलं की पांढरी लव.
तीन दिवसांत द्राक्षं जातील.
बाईंना मात्र घाई नाही.
चाळीस वर्षं त्यांनी आठवीला घाई करू दिली नाही.

तांबं पाण्यात एकटं राहत नाही, हे त्यांचंच वाक्य.
पाण्याचे सहा रेणू त्याला घेरून बसतात
आणि ते त्यांना असं ओढून धरतं
की एखाद्याच्या हातून हायड्रोजन निसटतो.
निळा कागद बुडवला, तर तांबडा.
पण बाई, आम्ल तर कुणी घातलंच नाही!
नाही घातलं. ओढाताणीतून आलं.
(मागच्या बाकावर कुणीतरी हसलं होतं.
त्या दिवशी आमच्या घरी भांडण झालेलं, मी हसले नाही.)

मग त्या दोन बरण्या.
दोन्हींत विहिरीचं पाणी, दोन्हींत चिमूटभर मोरचूद,
एकीत व्हिनेगरचे चार थेंब जास्त.
ती सकाळपर्यंत नितळ राहिली.
दुसरीत रात्रीतून निळसर दूध झालं,
विरघळलेलं नाही, तळाशी बसलेलंही नाही,
मधल्यामध्ये लोंबकळणारं.
सगळ्या कणांवर एकाच जातीचा भार,
म्हणून कुणी कुणाजवळ जात नाही,
आणि जात नाही म्हणूनच कुणी बुडत नाही.

तो बिनविजेचा हिवाळा होता.
मेणबत्तीने प्रयोग जमेना.
माझ्या वडिलांनी, ओमारींनी, ट्रक
शाळेच्या खिडकीला टेकवून उभा केला,
दिव्यावर भोक पाडलेला पुठ्ठा धरला.
डिझेल मोजून होतं. बाईंनी वीसपर्यंत आकडे म्हणायला लावले.
एक, दोन... उजेड नितळ बरणीतून गेला
आणि गेल्याची खूण राहिली नाही.
सात, आठ... दुधाळ बरणीत
एक सरळ, धुरकट, उजळ काठी उभी राहिली.
उजेड दिसत नसतो गं, बाई म्हणाल्या,
त्याला जे आडवं येतं ते दिसतं.
वीस. वडिलांनी दिवा बंद केला.
वसंतात ट्रक विकून ते सलोनिकाला गेले.
दोन वर्षं पैसे आले. मग नुसते फोन.
मग फोनवर दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज.

आता बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
हेही तेच, त्या हसून सांगतात,
भिंगात कण गोळा झालेत,
समोरून येणारा उजेड विस्कटतो.
तू मला दुधातून दिसतेस.
तुझ्या बापाचं नाक तेवढं ओळखू येतं.

पिंपात आकाशी रंग चढलाय.
काठी फिरवली की तो मऊ, जड हलतो.
आजच मारायचं, उद्यावर टाकायचं नाही.
रात्रीत कण एकमेकांना सापडतात,
वाढतात, खडे होतात, तळ धरतात.
ताजं असतं तेव्हाच ते पानाला बिलगतं
आणि दवाच्या थेंबाला रोज थोडं थोडं तांबं देत राहतं.

मी पंप पाठीवर घ्यायला उठते.
थांब, त्या म्हणतात, खिळा?
विसरलेच होते.
लोखंडी खिळा दोऱ्याला बांधून पिंपात सोडते.
शंभर म्हणायचे. आम्ही दोघी म्हणतो,
त्या मोठ्याने, मी ओठांत.
खिळा बाहेर काढून त्यांच्या तळव्यावर ठेवते.
त्या डोळ्यांशी नेतात, बोटाने चोळतात, परत डोळ्यांशी.
सांग बाई, लाल चढलंय का?
चढलं असेल तर तांबं अजून मोकळं आहे,
पानं जाळेल, आणखी चुना घाल.
नाही बाई. काळाच आहे.
नीट बघ.
काळाच आहे.
मग ऊठ, वारा पडलाय.