नाव घालून मिळेल

दादांचा धंदा भांड्यांवर नावं घालायचा.
भांडीबाजारात, दुकानाच्या पायरीवर,
कळशी मांडीत, टिंब टिंब ठोकत:
चि. सौ. कां., सप्रेम भेट, तारीख.

देवळाली कॅम्पातला हो फूशेंग
दिवसा बूट शिवायचा, रात्री दगड कोरायचा.
तपेल्यावर नाव घालायला आला
आणि तासभर दादांचा हातच बघत बसला.
म्हणाला, तुमची अक्षरं
धुण्यासारखी दोरीवर का टांगता?
दादा म्हणाले, नाहीतर उडतील.

मग येतच राहिला.
अर्धंच ठेव नाव, म्हणायचा,
यायला निमित्त लागतं.
कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर लिहायचा;
वाळेपर्यंत बघायचं, बस.

बासष्ट साली दर सोमवारी
चौकीत हजेरी लागली.
पहिल्या दिवशी त्याने खिशातून मुद्रा काढली,
डबीतली लाल शाई.
हवालदार म्हणाला, हे नको. अंगठा लाव.
चार पिढ्या अक्षर घोटलेल्या घरातला माणूस,
लावला अंगठा.
दादांना सांगताना हसला:
तोही उलटाच कोरलेला असतो की.

जाताना (कुठे, ते कुणी विचारलं नाही)
बोटाएवढा दगड देऊन गेला.
तळाशी पाच रेघा. तुझं नाव, म्हणाला.
दादांचं नाव दगडू.
आधीची दोन जगली नाहीत म्हणून ठेवलेलं.

तपेलं न्यायचं राहिलंच.
आम्ही त्यात आमटी करतो.
घासून घासून तळ पातळ झालाय,
काठावर दादांच्या टिंबांत
अजून एवढंच:
हो