वारा कुणीकडचा

विट्यात जुन्या स्टँडसमोर माझं दुकान.
झेरॉक्स, लॅमिनेशन, एसटी सोडून सगळी तिकिटं.
माझ्या गिऱ्हाइकांची गावं नकाशाच्या कडेकडेनं असतात:
दिमापूर, मदुराई, सिल्चर, त्रिशूर.
जिथं कुठं सोनं मोडलं जातं
तिथं आमच्या तालुक्याचा माणूस भट्टी पेटवून बसलेला सापडतो.

लेंगऱ्याच्या आक्काताई मुळीक भर दुपारी आल्या,
चपला बाहेर काढून.
‘कोचीपास्नं गुवाहाटी किती लांब रं?’
मला वाटलं, इथून विचारायचं असेल.
‘न्हाई. तिथनंच तिथं.’

सरळ रेघ मारली तर चोवीसशे किलोमीटर, जरा कमीच.
स्क्रीन त्यांच्याकडं फिरवून रेघ दाखवली:
नेल्लोरपाशी समुद्रात शिरते,
सुंदरबनात बाहेर पडते.
‘ह्यात विटं कुठाय?’
‘विटं येत नाही, आक्का. महाराष्ट्रच येत नाही ह्या रेघेवर.’
दुसऱ्याच्या हातातल्या तराजूकडं बघावं
तशा त्या बघत राहिल्या.

सरळ विमान नाही.
कोची ते बंगळूर एक तास दहा,
तिथं साडेतीन तास नुसतं बसायचं,
पुढं तीन तास पाच मिनिटं.
एकूण पावणेआठ.
त्यांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं.
बावीस वर्षं त्या नवऱ्याबरोबर भट्टीच्या खोलीत राहिल्या,
तेजाबाचा वास पोळीलासुद्धा यायचा म्हणतात.
‘एक मूस तापून, वतून, गार व्हायला तास.
मंजे आठ मुशीचं अंतर,’ म्हणाल्या.
‘आन सात वर्सं लागली.’

सात वर्षांपूर्वीचं सगळ्या लेंगऱ्याला ठाऊक आहे.
एक लगड वजनात कमी भरली.
थोरला म्हणाला, घट एवढी नसते.
एवढंच म्हणाला.
धाकट्यानं त्याच रात्री आपली चिमटे-सांडशी पिशवीत घातली
आणि देशाचं दुसरं टोक गाठलं.

‘येताना बी तेवढाच येळ?’
‘येताना वीस मिनिटं जास्त. वर पश्चिमेचा वारा असतो,
पूर्वेला जाताना पाठीमागून रेटतो, येताना तोंडावर.’
आक्काताई थांबल्या.
‘मंजे वारा धाकट्याच्या बाजूनं हाय.’
‘विमानाच्या.’
‘तेच की. मग त्यानंच जावं.’

पिशवीतून आधारची झेरॉक्स निघाली, आठ घड्यांची,
घड्यांवर अक्षरं उडालेली. रेवण म.. मुळीक.
मधलं नाव मी त्यांना विचारून भरलं,
ते त्यांनी घेतलं नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत
‘म वरनंच हाय, महादेवाचं’ म्हणाल्या.
‘त्याला विचारलंय का?’
‘तिकीट हातात आलं की इचारते.’
‘आणि परतीचं?’
पैसे मोजता मोजता, वर न बघता:
‘ते थोरला काढंल.’

सोमवारी शटर उघडल्या उघडल्या
मी विमानाचा नंबर टाकून बघितला.
छोटं पिवळं विमान, समुद्रावर,
बारा मिनिटं वेळेच्या पुढं.
वेग दिसतो, उंची दिसते,
खिडकीशी कोण बसलंय
की जागा रिकामीच चाललीय,
ते त्यात दिसत नाही.