हातचा

सोरोकाच्या पेन्शन कचेरीत, खिडकी चारवर,
मी वर्षं मोजते. लोकांची.
माझी स्वतःची ड्रॉवरमध्ये असतील,
चहाच्या पुडीखाली कुठेतरी.

करार झाला तेव्हा राजधानीत
दोन झेंडे होते, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या.
आमच्याकडे पोचला तो अठ्ठेचाळीस पानी,
तिरकी पिन मारलेला.
कलम बारा म्हणतं :
तिथे राबलेली वर्षं इथल्या वर्षांत मिळवावीत.
मिळवावीत. किती साधं क्रियापद.
शाळेतल्या बाई सांगायच्या तसं,
आधी एकं, मग दहं,
आणि हातचा विसरायचा नाही.

पारास्कोविया मुंतियानु मार्चमध्ये आली.
बुटांना नदीकाठचा चिखल, पिशवीत कागद,
कागदांत रोविगोची अकरा वर्षं.
कोणाकडे होतात?
एर्सिलियाबाईंकडे.
आधी काठी होती, मग खुर्ची, मग खाट.
काठीची चार, खुर्चीची पाच, खाटेची दोन.
मी तारखा मागत होते.

काठीतली पहिली तीन बिनकागदाची.
बिनकागदाच्या वर्षाला
कलम बारा वर्ष म्हणत नाही.

त्याच अकरा वर्षांत इथे टेकडीवरच्या घरात
तिची आईही म्हातारी होत होती.
पैसे महिन्याच्या महिन्याला यायचे.
पत्र पोस्टमन वाचून दाखवायचा,
एका हिवाळ्यात चुलीतली राखही त्यानेच काढली.
हे कुठल्या रकान्यात, असं तिने विचारलं नाही.
मीच उगाच फॉर्म उलटून पाहिला.

मी रोविगोला लिहिलं.
तिथल्या खिडकीवर दोनातेल्ला म्हणून कोणी आहे,
मी तिला पाहिलेलं नाही.
तिच्या एकाची शेंडी इतकी लांब
की मी तो सात वाचते.
एका गवंड्याला असाच मी सहा वर्षं जादा दिली होती.
तिने फोन केला.
तिची इटालियन, माझी रोमानियन :
अर्धे शब्द सख्खे निघाले, उरलेले चुलत.
पुष्कळ हसलो, मग गवंड्याची सहा वर्षं काढून घेतली.
झेंड्यांना ठाऊक नसेल,
पण सहकार्य म्हणतात ते बहुतेक हेच.

जूनमध्ये उत्तर आलं.
आठ वर्षं, शिक्क्यासह.
आणि फॉर्मबाहेरचा एक कागद,
चौऱ्याण्णव वर्षांच्या हाताने लिहिलेला,
ओळी उताराला लागलेल्या :
ती आली त्या वर्षी आमचं अंजिराचं झाड पडलं.
गुरुवारी माझी नखं कापायची.
कागद माझ्या मुलाने केले नाहीत.
चूक आमच्या घरची.
खाली दोनातेल्लाची पेन्सिल :
कलमात बसत नाही. तरी पाठवते.

काचेतल्या भोकातून मी ते मोठ्याने वाचलं.
रांगेतला एक म्हातारा टोपी काढून उभा राहिला,
त्याला वाटलं कोणी गेलं.
पारास्कोवियाने एकच विचारलं,
आता नखं कोण कापतं?

फोन करून कळवलं तिला :
पेरूची एक मुलगी आहे. हात हलका आहे म्हणतात.
त्या मुलीच्या आईपाशी कोण
हे आम्ही तिघींनीही विचारलं नाही.
माझी इरिना हानोफरला असते, नर्स.
रविवारी फोन करते, आवाज झोपेत असतो.

फाईल वरच्या मजल्यावर जाईल.
तिथे चष्मे पुसून ठरवतील
पडलेलं झाड पुरावा होतं का.
बेरजेत मी शाईने आठ लिहिले,
नियमाप्रमाणे.
आणि रकान्याच्या वर, कोपऱ्यात,
पाटीवर लिहायचो तेवढे बारीक,
पेन्सिलने, तीन.